नसलेली फळी

२६ जुलै २०२१. जपानच्या शिझुओका प्रांतातलं इझू. टोकियो ऑलिंपिकमधली पुरुषांची माउंटन बाइक शर्यत. सुरुवात दुपारी तीनला, म्हणजे आपल्याकडे साडेअकराला. पहिल्याच फेरीत, साकुरा नावाच्या खडकावरून उतरताना, नेदरलँड्सचा माथ्यू व्हान डर पूल हँडलवरून पुढे फेकला गेला. खडकाखाली फळी आहे असं तो धरून चालला होता. फळी नव्हती.

त्या काही सेकंदांचं चित्रण मी कितीदा पाहिलं असेल, मोजलेलं नाही. खडकाच्या कडेवर येताना तो घाबरलेला दिसत नाही, घाईत दिसत नाही, चुकीच्या जागेवरही दिसत नाही. फळी असती तर त्याचं उतरणं बिनचूक होतं. म्हणूनच ते पाहताना अजून पोटात खड्डा पडतो.

त्याच आठवड्यात आपलं कोकण पाण्याखाली होतं. २२ जुलैला तळीये गावावर दरड कोसळली, ऐंशीच्या वर माणसं गेली. महाड आणि चिपळूणमधला गाळ अजून उपसला जात होता. तेव्हा एका खेळाडूच्या पडण्याला मी आपत्ती म्हणतो ते याच मापाचं भान ठेवून. तो जिवंत आहे, हाडं शाबूत राहिली, पुढे खूप जिंकला. बुडालं ते एक स्वप्न, त्याने वर्षानुवर्षं जपलेलं. पण ते कसं बुडालं याचा हिशोब तासातासाने मांडावा इतका तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण वाईट वाटेवर सायकल घालणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात त्या दिवसाचा थोडा तरी अंश असतो.

सुमारे २२ महिने आधी

६ ऑक्टोबर २०१९ला इझूच्या या मार्गावर चाचणी शर्यत झाली. पुरुषांत स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर जिंकला, महिलांत त्याच देशाची योलांडा नेफ. मार्ग आखला होता दक्षिण आफ्रिकेच्या निक फ्लोरोसने. २०१६च्या रिओ ऑलिंपिकचा मार्गही त्याचाच.

इझू हा गरम पाण्याच्या झऱ्यांचा आणि वासाबीच्या वाफ्यांचा डोंगराळ मुलूख. यासुनारी कावाबाता यांची ‘इझूची नर्तकी’ ही कथा इथल्याच आमागी खिंडीच्या चढावर सुरू होते. मार्गाच्या टप्प्यांना नावं दिली होती ती या भूमीतली: आमागी खिंड, जोरेन धबधबा, वासाबी, चॉपस्टिक्स, कारेसानसुई म्हणजे जपानी पद्धतीची कोरडी दगडी बाग, आणि साकुरा. नावं अशी की कुणी सहलीला जावं. प्रत्यक्षात प्रत्येक नावामागे मोठमोठे दगड, उभे चढ आणि श्वास घ्यायला जागा न देणारे उतार. पुरुषांसाठी सुरुवातीचा १.३ किलोमीटरचा छोटा वळसा, मग सात फेऱ्या, एकूण २८.२५ किलोमीटर. रस्त्यावरची शर्यत करणारा हे अंतर ऐकून हसेल. इथे जगातल्या सर्वोत्तम माणसांना ते कापायला जवळजवळ दीड तास लागणार होता.

अशा मार्गावर अवघड जागी बहुधा दोन वाटा ठेवतात. एक छोटी आणि कठीण, दुसरी लांबून वळसा घेणारी आणि सोपी. सोप्या वाटेने गेलं की दर फेरीला काही सेकंद जातात, आणि ऑलिंपिकमध्ये पदकाच्या मागे असलेला माणूस ते सेकंद सोडत नाही.

मार्च २०२०मध्ये ऑलिंपिक एक वर्ष पुढे ढकललं गेलं. सगळ्यांची तयारी मोडली, पुन्हा उभी राहिली.

२९ दिवस आधी

२७ जून २०२१. टूर द फ्रान्सचा दुसरा टप्पा, म्युर-द-ब्रतान्यचा चढ. व्हान डर पूलने तो जिंकला आणि एकूण शर्यतीत आघाडीवर असलेल्याची पिवळी जर्सी मिळवली. जिंकल्यावर तो रडला. त्याच्या आईचे वडील रेमों पुलिदोर फ्रान्सचे लाडके सायकलपटू होते. टूरमध्ये आठ वेळा पहिल्या तिघांत येऊनही त्यांना पिवळी जर्सी एक दिवससुद्धा मिळाली नव्हती. नोव्हेंबर २०१९मध्ये ते गेले. आजोबांना जे आयुष्यभर हुलकावणी देत राहिलं, ते नातवाला पहिल्याच टूरच्या दुसऱ्याच दिवशी मिळालं. वडील आद्री व्हान डर पूल हेही मोठे सायकलपटू. या घरात सायकल हा छंद नव्हता, घरची शेती असावी तशी ती होती.

माथ्यू रस्त्यावर जिंकत होता, चिखलातल्या सायक्लोक्रॉसमध्ये तोवर चारदा जगज्जेता झाला होता. राहिला होता डोंगर. २०१९मध्ये त्याने माउंटन बाइकच्या विश्वचषक मालिकेतल्या शर्यती जिंकून दाखवल्या होत्या, त्यामुळे टोकियोचं सोनं हे त्याचं उगाच बोलून दाखवलेलं मनोरथ नव्हतं.

२२ दिवस आधी

४ जुलैला, नवव्या टप्प्याआधी, त्याने टूर सोडली. सहा दिवस अंगावर असलेली पिवळी जर्सी आदल्याच दिवशी गेली होती. तरी टूर सोडणं ही सोपी गोष्ट नाही. पण त्याने ती इझूसाठी सोडली.

याच काळात इंग्लंडचा टॉम पिडकॉक दुसऱ्या बाजूने इझूकडे सरकत होता. मे महिन्यात चेक प्रजासत्ताकातल्या नोव्हे मेस्तोमध्ये त्याने विश्वचषकाची शर्यत जिंकली होती, आणि दुसऱ्या क्रमांकावर होता व्हान डर पूल. त्यानंतर दोनच आठवड्यांत सराव करताना मोटारीची धडक बसून पिडकॉकचं गळ्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, आणि आठवडाभरात तो पुन्हा सायकलवर होता. वय २१.

सरावाचे दिवस

आता जरा थांबून खडकाकडे नीट पाहू, कारण सगळं इथेच आहे.

वाट एका मोठ्या दगडावर चढते, दगड संपतो, पुढे हवा, आणि खाली जमीन. अशा जागेला आम्ही ड्रॉप म्हणतो. तो उतरायच्या दोन रीती. एक, सायकल घरंगळत नेणे: वजन मागे घ्यायचं, पुढचं चाक कडेवरून अलगद खाली सोडायचं, ते खालच्या उतारावर टेकलं की मागचं चाक येतं. दुसरी, उडी: वेग ठेवायचा, कडेवर येताच हात पुढे ढकलून पुढचं चाक हलकं करायचं, दोन्ही चाकं हवेत न्यायची आणि जवळजवळ एकदम टेकवायची.

घरंगळत न्यायचं तर पुढच्या चाकाला खाली काहीतरी लागतं. दगडाचा उतार, मातीचा ढीग, किंवा टेकवून ठेवलेली फळी. काहीच नसलं आणि तरी सायकल हळूच सोडली, तर पुढचं चाक पडत राहतं आणि मागचं अजून दगडावरच असतं. सायकल नाकावर उभी राहते. अंगाचा भार हँडलच्या पुढे जातो. तिथून परत यायला माणसाकडे काहीही उरत नाही.

इथे वेगाचं गणित माणसाच्या स्वभावाच्या उलट जातं. दोन चाकांमधलं अंतर साधारण सव्वा मीटरच्या आत. ताशी पंधरा किलोमीटरने गेलं तर पुढचं चाक सुटल्यापासून मागचं सुटेपर्यंत अंदाजे पाव सेकंदाच्या वर वेळ जातो, आणि तेवढ्यात पुढची बाजू हातभर खाली गेलेली असते. वेग दुप्पट केला तर तो वेळ निम्मा होतो, आणि त्या निम्म्या वेळातलं पडणं एक चतुर्थांशावर येतं. म्हणजे मोकळ्या ड्रॉपवर हळू जाणारा जास्त धोक्यात असतो. हे कागदावर समजतं. अंगात यायला वर्षं लागतात, कारण कडा दिसली की हाताची बोटं आपोआप ब्रेककडे जातात.

सरावाच्या वेळी साकुराखाली फळी होती. व्हान डर पूल त्यावरून उतरला होता. शर्यतीच्या दिवशी ती काढली जाणार होती.

शर्यतीआधीचा सराव म्हणजे काय, हे बाहेरून कळत नाही. स्वार तिथे अंग शिकवायला जातो. या मुळाच्या डावीकडून, त्या दगडाआधी एक पेडल कमी, इथे ब्रेक सोड, तिथे कोपर बाहेर काढ. आधी पायी चालून बघायचं, मग हळू, मग वेगात, मग मागे फिरून पुन्हा. तीन-चार वेळा उतरलं की डोकं मोकळं होतं आणि अंग स्वतःहून करू लागतं. शर्यतीत हृदय फाटेस्तोवर धावत असताना विचाराला वेळ नसतो. तेव्हा चालतं ते फक्त अंगात मुरलेलं.

याची किंमत मी माझ्यापुरती मोजलेली आहे. पुण्यात वेताळ टेकडीच्या पाषाणकडच्या अंगाला एक पायरी आहे, गुडघ्याहून थोडी उंच, कातळाची. तिच्या खाली कुणीतरी एक चपटा दगड लावून ठेवला होता. उन्हाळाभर मी रोज सकाळी त्यावरून उतरलो. पुढचं चाक त्या दगडावर टेकताना एक विशिष्ट ‘टक्’ आवाज यायचा आणि तो आला की मी ब्रेक सोडायचो. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा दगड वाहून गेला होता. मला तो दिसला नाही असं म्हणता येणार नाही, कारण मी पाहिलंच नव्हतं. अंग आवाजाची वाट पाहत राहिलं. आवाज आला नाही. मुरमावर छाती आपटली, श्वास अडकला, आणि पडल्यापडल्या पहिला विचार आला तो असा: इथे दगड होता.

होता. त्या एका शब्दावर किती जण पडले असतील.

२२ तास आधी

रविवार, २५ जुलै. महिलांची रस्त्यावरची शर्यत, फुजी स्पीडवेवर शेवट. ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर, शिक्षणाने गणितज्ञ, सुरुवातीलाच पुढे निघून गेली होती आणि पाचच्या जरा आधी एकटी रेषेवर पोहोचली. तिच्यामागे ७५ सेकंदांनी नेदरलँड्सची आनेमीक व्हान व्ल्युटन आली आणि तिने दोन्ही हात उंचावले. आपण जिंकलो असं तिला वाटलं होतं.

ऑलिंपिकमध्ये स्वारांच्या कानात रेडिओ नसतो. पुढे कुणी शिल्लक आहे का, किती अंतर आहे, हे फळ्यावर लिहून, ओरडून, जसं जमेल तसं पोहोचवावं लागतं. पुढे गेलेल्या बाकीच्या जणी गाठल्या गेल्या. एक उरली होती, आणि ती उरली आहे हे डच मुलींपर्यंत पोहोचलंच नाही. जगातला सगळ्यात बलाढ्य संघ एका निरोपाअभावी हरला.

मी हा प्रसंग या घटनाक्रमात मुद्दाम घेतो. एकाच देशाचा संघ, चोवीस तासांच्या आत, दोन वेळा अशा गोष्टीने हरला जी कुणाला तरी ठाऊक होती आणि ज्याला ठाऊक असायला हवी त्याच्या अंगापर्यंत गेली नव्हती. रविवारी एक स्त्री पुढे होती आणि ती नाही असं वाटलं. सोमवारी फळी नव्हती आणि ती आहे असं वाटलं.

साडेआठ तास आधी

सोमवारी सकाळी साडेसहाला टोकियोच्या ओदाइबा खाडीत पुरुषांची ट्रायथलॉन सुरू झाली. उन्हाच्या तडाख्यामुळे इतक्या लवकर. सुरुवातीचा इशारा झाला, बऱ्याच खेळाडूंनी पाण्यात उड्या टाकल्या, आणि उरलेल्यांच्या समोर एक होडी आडवी उभी होती. त्यांना उडी मारताच येईना. पुढे गेलेल्यांना परत बोलावून सुरुवात पुन्हा घेतली. नॉर्वेचा क्रिस्टियान ब्लूमेनफेल्ट जिंकला.

होडी सगळ्यांना दिसली, म्हणून सुरुवात पुन्हा घेता आली.

तीन तास आधी

वादळ जवळ येत होतं. रोइंगच्या शर्यती आधीच मागेपुढे केल्या होत्या. इझू मात्र अजून कोरडं आणि तापलेलं.

शेवटचा तास

टोकियो शहरात प्रेक्षकांना बंदी होती, पण शिझुओकात मर्यादित संख्येने लोक येऊ शकत होते. त्यामुळे इझूच्या चढांवर थोडी माणसं होती, टाळ्या होत्या.

३८ स्वार रांगांत उभे राहतात. जागा जागतिक क्रमवारीच्या गुणांवर ठरते. पिडकॉकने या प्रकारातल्या शर्यती कमी केलेल्या, म्हणून तो चौथ्या रांगेत. माउंटन बाइकमध्ये सुरुवातीची काही मिनिटं फार कठोर असतात. रुंद मैदानातून सगळे एकदम सुटतात आणि थोड्याच वेळात वाट इतकी अरुंद होते की पुढच्याला ओलांडायला जागा राहत नाही. जो मागे अडकतो तो पुढच्याच्या चुकांमागे थांबत बसतो. म्हणून सगळेजण पहिल्या चढावर जीव ओततात, आणि पहिल्या अवघड उतारावर पोहोचतात तेव्हा छाती धपापलेली असते, डोळ्यांपुढे घाम असतो आणि पुढच्या चाकापासून दोन हातांवर दुसऱ्याचं मागचं चाक असतं.

साकुरा त्यांना अशा अवस्थेत भेटणार होता. सरावात तो भेटला होता शांत सकाळी.

१५:००

सुरुवात. पिडकॉक चौथ्या रांगेतून बाजूबाजूने वाट काढत वर आला. व्हान डर पूल आघाडीच्या घोळक्यात. सुरुवातीचा वळसा संपला. शुर्टर आणि त्याचा देशबांधव माथियास फ्लुकिगर पुढच्या स्वारांमध्ये. त्या घडीला शर्यत अगदी तशीच दिसत होती जशी सगळ्यांनी कल्पिली होती.

पहिली फेरी

वाट दगडावर चढते. पुढचे स्वार कडेवरून हवेत जातात आणि खाली टेकतात. व्हान डर पूल येतो. वेग बेताचा. तो पुढचं चाक उचलत नाही. ते कडेवरून खाली सोडतो, सरावात सोडलं होतं तसं, खात्रीने.

चाक फळी शोधत खाली जातं.

या क्षणी त्याच्या शरीराकडे पाहिलं की कळतं, हात अजून आधाराची वाट पाहत आहेत. कोपरं वाकलेली, फळीचा धक्का झेलायला तयार. धक्का येत नाही. सायकल नाकावर उभी राहते, मागचं चाक त्याच्या डोक्यावर येतं, आणि तो हँडलवरून पुढे जाऊन जमिनीवर जोरात आपटतो. सायकल त्याच्या मागून कोलमडते.

नसलेली गोष्ट दिसत नाही. होडी दिसते, आडवं झाड दिसतं, वाटेत आलेला माणूस दिसतो. त्याच सुमारास नेदरलँड्सचाच बीएमएक्स स्वार नीक किम्मान सरावात भरधाव असताना एक पंच ट्रॅक ओलांडू लागला आणि दोघांची टक्कर झाली. गुडघ्याच्या वाटीला भेग घेऊन किम्मान ३० जुलैला शर्यतीत उतरला आणि सुवर्ण जिंकला. अडथळ्याला निदान आकार असतो. उणीव डोळ्यांना पकडता येत नाही. ती पकडायची तर आधी कुणीतरी सांगायला लागतं, आणि नुसतं सांगून भागत नाही, ऐकणाऱ्याने मनातल्या मनात ती जागा पुन्हा एकदा, फळीशिवाय, उतरून पाहावी लागते.

शर्यतीनंतर व्हान डर पूलने जाहीरपणे सांगितलं की सरावात तिथे फळी होती आणि ती काढणार हे त्याला ठाऊक नव्हतं. डच संघाच्या बाजूने सांगण्यात आलं की फळी नसणार हे आधी बोललं गेलं होतं. लोकांनी लगेच दोन गट केले: कोण खरं, कोण खोटं. मला यात कुणीच खोटं बोलताना दिसत नाही. एक वाक्य बोललं गेलं असेल. जेवताना, गाडीत, इतर पंचवीस सूचनांमध्ये. वाक्य कानावर पडून जातं आणि अंगाकडे आदल्या दिवशीच्या उतरण्याची पक्की आठवण असते. तोंडी निरोप आणि अंगातली आठवण यांची गाठ पडते तेव्हा कोण जिंकतं, हे माझ्या बरगड्यांना ठाऊक आहे.

आणि एक गोष्ट मला मनापासून पटत नाही. सरावाचा मार्ग आणि शर्यतीचा मार्ग यांत जीव गुंतणारा फरक ठेवायचाच असेल, तर तो बदललेला मार्ग शर्यतीआधी एकदा तरी उतरून पाहिल्याशिवाय कुणाला रेषेवर उभं करू नये. विमानतळाच्या धावपट्टीत बदल झाला तर वैमानिकाला नुसतं तोंडी सांगत नाहीत. बाकीचे स्वार नीट उतरले, हे खरं. म्हणून व्यवस्था पुरेशी होती असं ठरत नाही.

त्यानंतरचा तास

व्हान डर पूल उठला. सायकल उचलली, बसला, निघाला. पुढचे केव्हाच निघून गेले होते. पुढच्या फेऱ्यांमध्ये तो त्याच साकुरावर पुन्हा आला असेल, दुखऱ्या पाठीने, आणि या वेळी उडी घेऊन उतरला असेल. त्या फेऱ्यांचं चित्रण फारसं कुणी पाहत नाही, कारण कॅमेरे पुढे होते. काही फेऱ्या रेटून शेवटी त्याने शर्यत सोडली.

पुढे पिडकॉकने फ्लुकिगरला मागे टाकलं होतं. मागे चेक प्रजासत्ताकाचा ओंद्रेय चिंक कांस्याच्या जागेवरून सायकलच्या बिघाडाने बाहेर पडला. शुर्टर आणि स्पेनचा डेव्हिड व्हालेरो तिसऱ्या जागेसाठी झुंजले.

१६:२५

पिडकॉक एकटा रेषेवर आला, हातात झेंडा. वेळ १ तास २५ मिनिटं १४ सेकंद. फ्लुकिगर २० सेकंदांनी मागे, व्हालेरो ३४ सेकंदांनी. २००८ला कांस्य, २०१२ला रौप्य, २०१६ला सुवर्ण मिळवलेला शुर्टर चौथा. गळ्याचं हाड मोडल्याला दोन महिनेही झाले नव्हते, आणि पिडकॉकचा बाविसावा वाढदिवस चार दिवसांवर होता.

मला पिडकॉकच्या विजयावर या पडण्याची सावली टाकायची नाही. मे महिन्यात त्याने व्हान डर पूलला समोरासमोर हरवलं होतं. इझूतही हरवलं असतं असं मानायला पुरेशी जागा आहे. पण ती शर्यत झालीच नाही, आणि झाली असती तर कशी झाली असती या प्रश्नाचा मान दोघांनाही मिळायला हवा होता.

नंतर

इस्पितळात व्हान डर पूलची तपासणी झाली. हाड मोडलेलं नव्हतं. पण पाठ बरी होईना. ऑगस्टमधल्या माउंटन बाइकच्या जागतिक स्पर्धेला तो जाऊ शकला नाही. ३ ऑक्टोबरला चिखलाने माखलेल्या पॅरिस-रुबे या रस्त्यावरच्या शर्यतीत तो तिसरा आला, तेव्हा वाटलं संपलं दुखणं. हिवाळ्यात ते पुन्हा वर आलं आणि सायक्लोक्रॉसचा मोसम सोडावा लागला. जानेवारी २०२२ची सायक्लोक्रॉसची जागतिक स्पर्धा पिडकॉकने जिंकली. एप्रिलमध्ये व्हान डर पूलने फ्लँडर्सची रस्त्यावरची शर्यत जिंकली.

रस्ता त्याला देत राहिला. ६ ऑगस्ट २०२३ला तो ग्लासगोत रस्त्याचा जगज्जेता झाला, वाटेत एकदा पडूनसुद्धा. सहाच दिवसांनी, स्कॉटलंडमधल्याच ग्लेनट्रेसच्या जंगलात, माउंटन बाइकच्या जागतिक शर्यतीत तो सुरुवातीलाच एका वळणावर घसरला आणि बाहेर पडला. तिथे ना खडक होता ना फळी, नुसती सुटी खडी. ती शर्यतही पिडकॉकने जिंकली. २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये व्हान डर पूलने रस्त्याची शर्यत निवडली; डोंगरावर पिडकॉकने चाक पंक्चर होऊनही दुसरं सुवर्ण मिळवलं.

मे २०२५मध्ये व्हान डर पूल पुन्हा नोव्हे मेस्तोला माउंटन बाइकवर आला. एकाच शर्यतीत दोनदा पडला, मनगटाचं हाड मोडलं. तोवर त्याच्याकडे रस्त्याचं आणि सायक्लोक्रॉसचं जगज्जेतेपद होतं, पॅरिस-रुबे सलग तीन वर्षं त्याची होती, मिळवायचं फारसं काही उरलेलं नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, मनगट भरून आल्यावर, तो स्वित्झर्लंडमधल्या क्रान्स-मोन्तानाला जागतिक शर्यतीच्या रेषेवर परत उभा राहिला. पदकाच्या आसपासही पोहोचला नाही. या वेळी शर्यत पूर्ण केली.